खूण शेतात बोलायची नाही

माझी माय देवाला मानत नसे, भुताखेताला मानत नसे. अमावस्येला कुणी लिंबू उतरवून तिठ्यावर टाकलेलं दिसलं तर ती ते उचलून घरी आणी आणि वरणात पिळी. पण गवताला ती मानत असे. हे लिहून मी थोडा वेळ थांबले. सगळी नोकरी पोरांना जीवशास्त्र शिकवण्यात घालवलेल्या बाईने आपल्या आईबद्दल असं लिहावं का, असा प्रश्न पडला. पण जे होतं ते होतं. विहारात वंदना घेऊन आलेली, गंडेदोरे बांधणाऱ्या शेजारणीला तोंडावर हसणारी माझी माय शेताच्या बांधावर पाय ठेवला की आवाज खाली घेई, आणि ते गवताने ऐकू नये म्हणून.

आमचं गाव रेणापूरपासून पायी दीड तास. वस्ती गावाच्या पूर्वेला, बुद्धविहाराच्या मागे. दोन खोल्या, वर पत्रे, पुढे सारवलेलं अंगण. अण्णा, म्हणजे माझे वडील, लातूरच्या आडत बाजारात हमाली करत आणि शनिवारी मुक्कामी गाडीने घरी येत. एरवी घरात मी आणि माय दोघीच. सकाळी मला जाग यायची ती खुरपं दगडावर घासण्याच्या आवाजाने. माय आधी खुरप्याला धार लावी आणि मग चूल पेटवी, तिच्या लेखी कामाचा क्रमच तो होता. मग भाकरी थापल्याचा आवाज. कारळ्याची चटणी, अंबाडीची भाजी, तिला फोडणीत लसूण भरपूर. अंबाडीचा तो आंबट वास आजही कुठे आला की मी आहे तिथे उभी राहते आणि नातू विचारतो, आज्जी काय झालं. माय भाकरीचा पहिला घास चावून डोळे मिटायची. "हाय यात," म्हणायची, नाहीतर "न्हाई." दळणात त्या गवताचं काळं बी एखाददुसरं आलं असलं तर तिला जिभेवर कळे. मला कधीच कळलं नाही, पण मीही डोळे मिटून चावत असे आणि उगाच "हाय" म्हणत असे.

मायची खुरपणीची टोळी नऊ बायकांची. टोळीने रानात उतरायचं, एकीने दोन-दोन तासांची, म्हणजे ओळींची, पात धरायची, उकिडवं बसून पुढे सरकत जायचं आणि ज्वारी सोडून बाकी सगळं मुळासकट काढून बांधावर उलटं टाकायचं. माय मधली पात धरी. तिच्या मागची माती अंगण झाडल्यासारखी दिसे. पेरणीच्या आधीच लोक घरी येऊन सांगून जात, "गोदाबाई, श्रावणात आमच्याकडं आधी." ती आढेवेढे घेई, आणि लोक गेले की मला म्हणे, "बघ, कसे येऊन राहिले." गर्व होता तिला. तिच्याकडे गर्व करण्यासारखी तेवढीच गोष्ट होती आणि ती तिने पुरेपूर केली. तिच्या हातून तण सुटलं असं गावात कुणी ऐकलं नव्हतं. मी शाळेला सुट्टी असली की टोळीत असायची, सगळ्यात कडेची पात माझी, आणि माझ्या मागून कुणीतरी एक बाई पुन्हा फिरायची.

त्या गवताला बायका सोंग्या म्हणत. पुस्तकातलं नाव मी पुढे शिकले, पण ते इथे लिहिलं तर मला ते दुसरंच कुठलंतरी गवत वाटतं. कोवळेपणी सोंग्या ज्वारीसारखा दिसतो. वाढतो ज्वारीसारखा. शेवटी कणसं येतात तेव्हा त्याला बारीक, विस्कटलेलं, काळ्या बियांचं कणीस येतं आणि कापणीच्या आधीच ते बी मातीत गळून जातं, पुढच्या साली उगवायला. म्हणजे त्याला ओळखायचं तर ते गुडघ्याएवढं असतानाच. मायच्या लग्नात, ती सांगे, सोंग्याचा रंग पोपटी होता, लांबून ओळखू यायचा. चार-सहा वर्षांत तो ज्वारीसारखा गर्द हिरवा झाला. मग बायकांनी पानाच्या मुळाशी असलेली लव बघायला सुरुवात केली. काही वर्षांनी लव गेली. मग बुडाशी तांबूस छटा दिसे, तीही गेली. मग कुणाच्यातरी लक्षात आलं की ज्वारीचं बूड चिमटीत गोल लागतं, सोंग्याचं चपटं. डोळ्यांनी दिसत नसलं तरी बोटांना कळायचं. मी सातवीत होते तेव्हा बायका डोळे मिटल्यासारख्या चेहऱ्याने, बुडं चाचपत पुढे सरकायच्या. मी दहावीत गेले तोवर सगळीच बुडं गोल झाली होती.

आता याला काय म्हणायचं? बायकांनी आपल्यापरीने अर्थ लावला होता. जी खूण आपण शेतात बोललो, ती गेली. मग टोळीत एक रीत पडली, कुणी घालून दिली नव्हती, पण नऊजणी पाळत. खूण शेतात बोलायची नाही. नवीन सून टोळीत आली तर तिला खुणा सांगायच्या त्या नदीवर धुणं धुताना, किंवा आमच्या चुलीपुढे. शेतात फक्त मनगट दाबायचं: हे काढ. पूर्वी आमच्या टोळीची गाणी चार शेतं ऐकू जायची म्हणतात. मी पाहिली ती टोळी मुकी होती. दुपारी बाराचं ऊन, वारा पडलेला, पान हलत नाही, आणि नऊ बायका एका रांगेत खाली बघत सरकताहेत, फक्त खुरप्याचा खरखर आवाज. एकदा मी शिंकले तर सगळ्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं. त्या शेतात मला कायम वाटायचं की आम्ही ज्वारीकडे बघतोय तसं तिच्यातून कुणीतरी आमच्याकडे बघतंय, आणि ते मोजून बघतंय. ही भीती मी कुणाला सांगितली नाही, कारण तिथे ती नसलेली बाईच नव्हती.

दहावीला जाधव सर होते. विज्ञान शिकवायचे, आणि फळ्यापेक्षा बाहेरच जास्त शिकवायचे, म्हणून हेडमास्तर त्यांच्यावर नाराज असत. एक दिवस त्यांनी वर्ग शाळेच्या कुंपणापाशी नेला. कुंपणाला दोन प्रकारचे निवडुंग होते, एक फड्या, एक तीनधारी. "दोन्ही कोण?" सरांनी विचारलं. निवडुंग, आम्ही म्हणालो. सरांनी काठीने दोन्हींना टोचा मारला. तीनधारीतून पांढरा चीक आला, फड्यातून नुसतं पाणी. "लांब राहा, चीक डोळ्यांत जाईल," म्हणाले, आणि मग सांगितलं की ही दोन्ही झाडं एकमेकांची कुणी लागत नाहीत. एक सातासमुद्रापलीकडून आलेलं, एक इकडचं. पण दोघांच्या वाट्याला सारखंच ऊन आणि सारखीच तहान आली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी पाणी साठवलं आणि काटे काढले तीच जगली, आणि दोघांची अंगं सारखी झाली. याच्या उलटही होतं, सर म्हणाले. एकाच आईची लेकरं, एक इकडे पडलं, एक तिकडे, आणि जिथे जे मरतं त्यावरून जे उरतं ते ठरतं. काही काळाने भाऊ भावाला ओळखत नाही. "हे कोन ठरवतं, सर?" मागून कुणीतरी विचारलं. "कुणीच नाही," सर म्हणाले. "ठरवणारा कुणी नसतो. नुसतं मरणं आणि उरणं." पोरं चीक बघायला पुढे सरकली. मला मात्र अंगावर काटा आला, कारण आमच्या शेतात ठरवणाऱ्या नऊजणी होत्या आणि त्यातली एक मला रोज भाकरी वाढत होती.

मी कामाला लागले. पत्र्याचे तीन डबे घेतले, तिन्हींत एकाच जागची माती. पहिल्यात कालव्याच्या काठचा सोंग्या लावला, जिथे कधी कुणी खुरपलं नव्हतं. दुसऱ्यात अशा शेतातला, जिथे कसंबसं खुरपणारी टोळी जाई. तिसरा बळवंतराव पाटलांच्या खालच्या तुकड्यातला, जिथे माय वर्षानुवर्षं खुरपत आली होती. हा तिसरा मी कसा ओळखला? ओळखला नाहीच. त्या तुकड्याच्या बोरीच्या कोपऱ्यातली पंधरा रोपं आणून लावली आणि वाट बघितली. तिन्ही ठिकाणच्या कोवळ्या रोपांचं एकेक पान वहीत दाबून ठेवलं, तुकड्यातल्या पंधराही रोपांचं. अंगणात एकाच उन्हात, एकाच पाण्यावर ती वाढली. कालव्याचं पोपटी, लवदार, पसरट. दुसरं मधलंच काहीतरी. आणि तिसरी पंधराच्या पंधरा दिसायला ज्वारी. मायने ते डबे पाहिले तेव्हा ती भांडी घासत होती. ती उठली, डब्यांपुढे बसली आणि राख लागलेले हात न लावता बराच वेळ नुसती बघत राहिली. "हे घरात न्हाई ठिवायचं," ती म्हणाली. "इथं आपुन बोलतो." मी हसले. ती हसली नाही. डबे शेवटी मी विहाराच्या मागे नेऊन ठेवले.

त्याच साली पाटलांचा खालचा तुकडा फिरला. दसरा आला, कणसं बाहेर पडली, आणि निम्म्या रानाला काळी, विस्कटलेली कणसं आली. माझ्या डब्यातल्या पंधरातल्या नऊंना तीच आली. गावात असं कधी झालं नव्हतं. लोक बांधावर येऊन बघून जात, आत कुणी उतरत नसे. दिवसाउजेडी, ज्वारीची ताटं माणसाच्या डोक्यावर गेलेली, आणि त्यात पाखरू नाही. एरवी कणसं आली की पाखरांनी रान डोक्यावर घेतलेलं असतं. त्या तुकड्यावर बसलेली शांतता मला अजून आठवते. मग बोलणं सुरू झालं. जवारी फिरवली. कुणी? मायचं नाव आधी कुणी घेतलं ते मला कधी कळलं नाही. घ्यायची गरज नव्हती, तो तुकडा तिचा म्हणूनच ओळखला जाई.

चावडीपुढच्या पारावर बैठक बसली, दुपारी चारच्या सुमाराला. मायला बोलावणं आलं. ती धुतलेली साडी नेसून गेली, मी मागे. बळवंतराव पाटील माणूस वाईट नव्हता, हे मला सांगितलंच पाहिजे. "गोदाबाई," ते म्हणाले, "करनी-बिरनी मी बोलत न्हाई. पन निम्मं रान गेलं. मी घरात काय सांगू?"

"जवारी फिरत न्हाई, पाटील," माय म्हणाली. "ते पयल्यापासून गवतच व्हतं."

"मंग तुमच्या टोळीनं उपटलं का न्हाई?"

मायची मान खाली गेलेली मी पहिल्यांदाच पाहिली आणि माझ्याने राहवलं नाही. आयुष्यभर मी सांगत आले की मी मायला वाचवायला उभी राहिले. आता या वयात खोटं कशाला. मायसाठी उभी राहिले हे खरं, पण अख्ख्या गावात ही गोष्ट फक्त मला कळली आहे, याची चव माझ्या जिभेवर होती, आणि जाधव सर मागे लिंबाखाली उभे होते.

मी पळत जाऊन तिन्ही डबे आणले, वही आणली. तिन्ही डब्यांतली काळी कणसं दाखवली. बघा, एकच गवत. मग वही उघडली. बघा, कोवळेपणी तिघांची तोंडं वेगळी. मग सांगितलं. खुरपणारी बाई जे वेगळं दिसतं ते काढते. जे ज्वारीसारखं दिसतं ते सुटतं, त्याचंच बी पडतं, पुढच्या साली तेच उगवतं. जिथे नजर अधू तिथे गवत गवतासारखंच राहतं, कारण त्याला बदलायची गरज नाही. जिथे नजर तिखट, तिथेच ते ज्वारी होतं. "माझी माय वळखलेलं एकबी गवत सोडत न्हाई," मी म्हणाले. "म्हणूनच हे असं झालं." इतकं नीट मी पुढे कधी कॉलेजातही शिकवलं नसेल.

मग रामजी आबा, गावातले सगळ्यात म्हातारे, काठीवर हनुवटी ठेवून म्हणाले, "म्हंजी पोरी, जितं तुझ्या मायचा हात फिरला, तितंच हे झालं. कालव्यावर न्हाई. दुसऱ्यांच्या रानात न्हाई."

"हाव," मी म्हणाले. कारण ते बरोबर होतं.

समोर बसलेल्या एका बाईने लेकराला पदराखाली ओढलं. तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. लोकांच्या मनात जे धुकं होतं त्याला मी डबे आणि वही आणून पुरावा जोडला होता. मी म्हणू लागले, तसं नाही, हे आपोआप होतं, ठरवणारं कुणी नसतं. पण ते कुणी ऐकत नव्हतं, आणि आपोआप या शब्दाने तर ते आणखीच घाबरले असावेत. पाटलांनी हात वर केला. "हे बघा, पुडच्या श्रावणात गोदाबाईनं समद्यांच्या म्होरं माझ्या तुकड्यात बसावं. त्यांना वळखू येतंय ना? मंग वळखून काडावं. निम्मं जरी काडलं तरी काम त्यांचंच, आन कुनी एक शब्द बोलायचा न्हाई." रास्त बोलणं होतं. माय "बरं" म्हणाली.

ते वर्षभर तिला कुणी बोलावलं नाही. मी दहावी पास झाले, नांदेडला मावशीकडे राहून पुढे शिकायचं ठरलं, पण श्रावणातली ती दुपार होईस्तोवर मी जाणार नव्हते. त्या दुपारी पाटलांच्या बांधावर अर्धं गाव होतं. टोळीतली शेवंतामावशी सगळ्यांत पुढे, डोळ्यांत पाणी आणून. ज्वारी गुडघ्याला लागली होती. माय बोरीच्या कोपऱ्यातून आत उतरली, खुरपं घेऊन बसली. मी श्वास धरून बघत होते. तिचा हात एका रोपावर गेला, थांबला, दुसऱ्यावर गेला, थांबला. बोटं बुडाशी गेली, पानावरून फिरली. पाऊण तास झाला असेल. एकही रोप तिने काढलं नाही. मग तिने खुरपं मातीत टोचून ठेवलं, उठली, पाटलांकडे न बघता म्हणाली, "मला न्हाई वळखू येत."

कुणी तिला बोट लावलं नाही, शिवी दिली नाही. ते झालं असतं तर भांडता आलं असतं, पोलिसात जाता आलं असतं, अण्णा लातूरहून चार माणसं घेऊन आले असते. तसं काही झालं नाही. टोळी शेवंतामावशीने धरली. लोकांनी बांधावरच्या झाडांना काळं फडकं आणि बिब्बे बांधले, ज्या वाटेने माय जाई त्याच बाजूला. तिची सावली पिकावर पडू नये, असं कुणीतरी काढलं होतं. मी चिडून रडले, फडकी तोडायला निघाले. मायने धरून ठेवलं. आणि संध्याकाळी सावल्या लांब व्हायच्या तेव्हा ती स्वतःच वाटेच्या पलीकडच्या कडेने चालू लागली. "जाऊ दे," म्हणे, "त्यांना उगं घोर." ही बाई तिठ्यावरचं लिंबू वरणात पिळणारी.

मी नांदेडला निघाले त्या सकाळी ती मला एसटीपर्यंत सोडायला आली. डोक्यावर माझी पेटी. पाटलांच्या तुकड्यापाशी ती थांबली. शिवारात कुणी नव्हतं. ज्वारी छातीला लागलेली, सगळी एकसारखी, हिरवी, गप्प. माय वाटेवरच उभी राहिली, आत पाऊल टाकलं नाही. "ते," ती म्हणाली आणि बोट केलं. "त्याच्या पल्याडचं न्हाई. ते. बोरीपसलं ते. ते दोन." अशी सात ताटं तिने दाखवली, हळू आवाजात, घरातली माणसं मोजावीत तशी. मला सातांत आणि बाकीच्यांत काडीचा फरक दिसला नाही. मला वाटलं तिच्या डोक्यावर परिणाम झाला. तरी जाताजाता मी ती सात डोक्यात बसवली, कुठल्या तासातलं कितवं, बोरीपासून किती पावलं. सवयच लागली होती. गाडी आली. ती पेटी वर चढवून देऊन मागे न बघता गेली.

दसऱ्याच्या सुट्टीत आले ती आधी घरी गेले नाही. एसटीतून उतरून थेट त्या तुकड्यावर गेले. दुपार होती, पाखरं नव्हती. तास मोजले, पावलं मोजली. पहिल्या ताटाला काळं, विस्कटलेलं कणीस होतं. दुसऱ्याला होतं. सातही ताटांना होतं. तिने "न्हाई" म्हटलं होतं त्या शेजारच्या ताटाला पांढरं, भरलेलं, मोत्यांसारख्या दाण्यांचं कणीस होतं. एवढ्या लख्ख उन्हात मला इतकी भीती आधी किंवा नंतर कधी वाटलेली नाही, आणि ती गवताची नव्हती.

घरी माय चुलीपुढे होती. मी म्हणाले, "सातबी गवतच निगाली."

"निगनारच," ती म्हणाली.

"तुला वळखू येत व्हतं. श्रावणातबी येत व्हतं."

ती पिठात पाणी घालत होती. "तीन सालं झाली घावून. एकच खून राहिली व्हती. बाकी समद्या आपुन खाल्ल्या, पोरी. पोपटी रंग खाल्ला, लव खाल्ली, बूड खाल्लं. म्हणलं ही एक ठिवावी. कुनाला बोलले न्हाई, शेवंताला बी न्हाई. त्या बोरीच्या कोपऱ्यात ती खून असलेलं मी काडलं न्हाई."

मला ते समजायला क्षणही लागला नाही, ते शिकायलाच मी नांदेडला गेले होते. तिने जे सोडलं त्याचं बी पडलं. पुढच्या साली ते कितीतरी पट, आणि तिसऱ्या साली निम्मं रान. म्हणजे पाटलांचं रान तिनेच घालवलं होतं. गावाने नाव बरोबर घेतलं होतं. आणि मी पारावर उभी राहून छातीठोक सांगितलं होतं की माझी माय ओळखलेलं एकही गवत सोडत नाही, तेव्हा ती मान खाली घालून का बसली होती तेही मला आत्ता कळलं. मला तिचा राग आला. पाटलांची दया आली. आणि तरीही मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, सगळं एकदमच.

"मंग त्या दिवशी उपटून का न्हाई दावलंस?" मी ओरडलेच. "काम राहिलं असतं तुजं. ही फडकी, हे बिब्बे, काहीच झालं नसतं."

"समदे बगत व्हते की," माय म्हणाली. "हात कशावर जातो ते शेवंतानं लगीच वळखलं असतं. मंग नऊजनी, मंग समदं गाव. चार सालात तीबी गेली असती. मंग जवारी कोन आन ते कोन, कुनाला कळलं असतं? मलाबी न्हाई. तसं रान मला बगवलं नसतं." तिने भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "आता कुनी काडनार न्हाई ते. ऱ्हाईल."

"मला सांग," मी म्हणाले. "मला एकटीला."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. राग नव्हता तिच्या डोळ्यांत, असता तर बरं झालं असतं. "तू सांगशील," ती म्हणाली. "खरंच सांगशील, खोटं न्हाई. पन सांगशील." मग भाकरी पालथी घालून, फुगल्यावर माझ्या ताटात टाकली आणि म्हणाली, "खा, गरम हाय."

पुढे अण्णा गेल्यावर ती नांदेडला माझ्याकडे आली आणि शेवटपर्यंत राहिली. पुन्हा शेतात गेली नाही. आता तिकडे सगळं सोयाबीन आहे, पाठीवर पंप घेऊन माणसं औषध मारत जातात, आणि काही तणं त्या औषधालाही मरत नाहीत, याबद्दल माझ्या जुन्या विद्यार्थिनी मला फोन करून विचारतात. मी त्यांना नीट समजावून सांगते. माझा तो धंदाच होता. मायच्या शेवटच्या आजारपणात ती पूर्ण शुद्धीवर होती, आम्ही तासन्‌तास बोलायचो, आणि मी विचारलं असतं तर त्या दिवसांत तिने ती खूण मला सांगितली असती, असं मला वाटतं. मी विचारलं नाही. मला सांगितली असती तर आज ती इथे लिहून झाली असती.